हॅलिबर्टनशिवायचा हंगाम आणि मुद्दाम हरण्याचा मोह

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या इंडियाना पेसर्सचा २०२५-२६चा हंगाम २३ ऑक्टोबर २०२५ला सुरू होतोय, तोही घरच्या मैदानावर, ओक्लाहोमा सिटी थंडरविरुद्ध. चार महिन्यांपूर्वी याच थंडरने अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात पेसर्सला १०३-९१ असं हरवून एनबीएचं विजेतेपद नेलं. त्या सामन्यात पेसर्सचा मुख्य गार्ड (चेंडू आणून चाल रचणारा खेळाडू) टायरीस हॅलिबर्टनने पहिल्या सात मिनिटांत तीन थ्री (लांबून टाकलेले तीन गुणांचे शॉट) टाकून नऊ गुण केले होते. मग उजव्या पायाची, टाचेमागची अकिलीस कंडरा तुटली आणि तो तिथेच कोसळला. जुलैत क्लबने जाहीर केलं की हा अख्खा हंगाम तो खेळणार नाही. त्याच सुमारास दहा वर्षं पेसर्सकडे असलेला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) मायल्स टर्नर मिलवॉकीशी चार वर्षांचा, १० कोटी डॉलरहून मोठा करार करून निघून गेला. अंतिम फेरीतल्या पहिल्या पाचांतले दोघे असे पंधरवड्यात गेले.

तेव्हापासून चाहत्यांमध्ये एक मत जोर धरून आहे: हे वर्ष सोडून द्या. हरा, तळाला जा, २०२६च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याची फेरी, तळाच्या संघांना आधी संधी) वरचा खेळाडू घ्या आणि हॅलिबर्टन परतल्यावर नव्याने सुरुवात करा. या मताला बळ देणारी एक घटनाही घडली आहे. फॉरवर्ड पास्कल सियाकमला आणताना पेसर्सने २०२६ची आपली पहिल्या फेरीची निवड देऊन टाकली होती, आणि ती फिरत फिरत न्यू ऑर्लीन्सकडे पोहोचली होती. जूनमध्ये, अंतिम मालिका चालू असतानाच, पेसर्सने २०२५ची तेविसावी निवड आणि एका खेळाडूचे हक्क देऊन ती परत घेतली. तेव्हा ती तळाची, फारशी किंमत नसलेली निवड वाटत होती. आठवडाभरात हॅलिबर्टन जखमी झाला आणि तीच निवड एकदम मौल्यवान झाली. पुढच्या ड्राफ्टमध्ये एजे डिबान्सा, डॅरिन पीटरसन, कॅमरन बूझर अशी नावं आहेत. मोह पडावा अशीच परिस्थिती आहे.

तरीही पेसर्सने हा रस्ता धरू नये, असं मला ठामपणे वाटतं. सामने हरले जातील, बरेच हरले जातील. पण हरायचं असं ठरवून संघ उभा करणं, चांगले खेळाडू विकणं, बरे झालेल्यांना बसवून ठेवणं हे या क्लबने करू नये. हिशेबाने पाहिलं तरी ते फायद्याचं नाही.

हिशेबच आधी पाहू. २०१९पासून लॉटरीत, म्हणजे वरच्या निवडींचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत, तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची संधी सारखीच, १४ टक्के आहे. त्याआधी सगळ्यात वाईट संघाला २५ टक्के असायची. आता सगळ्यात वाईट ठरलात तरी पहिल्या चारांत येण्याची शक्यता ५२.१ टक्के आणि पाचव्या क्रमांकावर घसरण्याची ४७.९ टक्के. म्हणजे जवळजवळ छापा-काटा. २०२५च्या लॉटरीत काय झालं ते पाहा. युटाने १७ विजय, ६५ पराभव अशी सगळ्यात वाईट कामगिरी केली आणि त्यांना पाचवी निवड मिळाली. डॅलसकडे फक्त १.८ टक्के शक्यता होती, त्यांना पहिली निवड आणि कूपर फ्लॅग मिळाला. सहा महिने प्रेक्षकांपुढे हरून युटाच्या हाती जे आलं ते पाहूनही हाच मार्ग सुचवणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं.

वरची निवड मिळाली तरी पुढे काय होतं, याचं उत्तर पेसर्सच्या ड्रेसिंग रूममध्येच बसलेलं आहे. २०१९-२०मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सची अवस्था अशीच होती. ड्युरँट संघ सोडून गेलेला, क्ले थॉम्पसन गुडघ्यामुळे बाहेर, करीचा हात चौथ्याच सामन्यात मोडला. १५ विजय, ५० पराभव, लीगमध्ये शेवटचा क्रमांक. त्या वर्षाचं फळ म्हणून २०२०च्या ड्राफ्टमध्ये दुसरी निवड मिळाली आणि त्यांनी जेम्स वाइझमन घेतला. अडीच वर्षांत त्याला सोडावं लागलं. २०२२चं विजेतेपद त्यांनी जिंकलं ते करी, थॉम्पसन, ग्रीन या जुन्या तिघांच्या आणि ट्रेडमधून (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीतून) आलेल्या विगिन्सच्या जोरावर. तो वाइझमन या हंगामाच्या सुरुवातीला पेसर्सकडे बेंचवरचा सेंटर आहे. आणि त्याच ड्राफ्टमध्ये, दहा जागा खाली, बाराव्या क्रमांकावर सॅक्रामेंटोने टायरीस हॅलिबर्टनला घेतलं होतं.

अंतिम मालिकेत पेसर्सची पहिली पाच माणसं कोण होती आणि ड्राफ्टमध्ये कितव्या क्रमांकावर निवडली गेली होती? हॅलिबर्टन बारावा, टर्नर अकरावा, नीस्मिथ चौदावा, सियाकम सत्ताविसावा, नेम्हार्ड एकतिसावा. पहिल्या दहांत निवडलेला एकही नाही. बेंचवरून उतरणाऱ्या गार्ड टी. जे. मॅकॉनलला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. सातव्या सामन्यापर्यंत पोहोचलेला हा संघ हुशारीने केलेल्या ट्रेडमधून आणि खेळाडू घडवण्यातून उभा राहिला. अशा क्लबला आपली खरी ताकद कशात आहे ते कळायला हवं.

उलट बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण सॅन अँटोनिओचं आहे आणि ते टाळून चालणार नाही. १९९६-९७मध्ये डेव्हिड रॉबिन्सन फक्त सहा सामने खेळू शकला, संघ २०-६२वर संपला, लॉटरी लागली, टिम डंकन आला आणि पुढे पाच विजेतेपदं आली. सोडून दिलेल्या वर्षाचा प्रत्येक समर्थक हाच दाखला देतो. पण त्याच वर्षी त्यांच्याहून वाईट संघ होता बोस्टन, १५-६७. डंकनसाठी तेही आसुसले होते आणि त्यांना तो मिळाला नाही. ज्याची लॉटरी लागली त्याचं नाव सगळ्यांना आठवतं. त्यावर क्लबचं धोरण ठरवायचं नसतं.

इंडियानापोलिसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या लेखी ती आकड्यांपेक्षा मोठी आहे. पेसर्सने एबीए या एनबीएच्या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी लीगमध्ये १९७०, १९७२ आणि १९७३ अशी तीन विजेतेपदं जिंकली. १९७६मध्ये चार एबीए क्लब एनबीएत घेतले गेले, तेव्हा प्रत्येकाला ३२ लाख डॉलर भरावे लागले आणि टीव्हीच्या पैशात पहिली काही वर्षं वाटा नाकारला गेला. वर्षभरातच पेसर्स डबघाईला आला. जुलै १९७७मध्ये क्लबने सांगून टाकलं की पुढच्या हंगामाची ८,००० सीझन तिकिटं विकली गेली नाहीत तर संघ विकावा लागेल, मग तो शहरात राहील याची खात्री नाही. प्रशिक्षक बॉबी लेनर्ड आणि क्लबचा कारभार पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी नॅन्सी यांनी स्थानिक वाहिनीवर सोळा तासांहून जास्त काळ चाललेला कार्यक्रम करून लोकांना हाक दिली. लोकांनी फोन केले, पैसे दिले, कार्यक्रम संपता संपता आठ हजारांचा आकडा गाठला गेला. हा क्लब त्या शहरात आहे तो लोकांनी न खेळलेल्या सामन्यांचे पैसे आधी मोजले म्हणून. आजही सीझन तिकीट घेणारा माणूस घरच्या ४१ सामन्यांचे पैसे आगाऊ भरतो. त्याला हरणारा संघ दाखवावा लागला तर तो समजून घेईल. मुद्दाम हरणारा संघ दाखवणं ही त्याची फसवणूक आहे.

आता मैदानावरचा प्रश्न. हॅलिबर्टन नसताना नेमकं काय बिघडतं, हे नीट समजून घेतल्याशिवाय या हंगामाकडून काय अपेक्षा ठेवायची ते ठरत नाही.

गेल्या हंगामात त्याचे सामन्यामागे १८.६ गुण आणि ९.२ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) होते, टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) मात्र दोनाहूनही कमी. इतका चेंडू हाताळून इतका कमी गमावणारा गार्ड दुर्मीळ असतो. पण त्याची खरी किंमत वेगात आहे. समोरच्याने बास्केट केली तरी चेंडू लगेच आत घेतला जायचा, आणि मध्यरेषा ओलांडायच्या आधीच हॅलिबर्टनचा लांब पास पुढे धावणाऱ्या सियाकम किंवा नीस्मिथकडे जायचा. ड्रिबल करत चेंडू आणणारा गार्ड कितीही चपळ असला तरी पासइतका वेगवान नसतो. पेसर्सचा पहिला स्क्रीन (बचावपटूची वाट अडवायला सहकाऱ्याने उभं राहणं) २४ सेकंदांच्या शॉट क्लॉकवर अठरा-एकोणीस सेकंद शिल्लक असतानाच लागायचा. बचाव अजून आपापला माणूस शोधतोय, मोठा सेंटर धापा टाकत परततोय, तेवढ्यात हल्ला सुरू.

अँड्र्यू नेम्हार्ड हा चांगला गार्ड आहे, पण वेगळ्या घडणीचा. तो चेंडू स्वतः घेऊन येतो, स्क्रीनच्या कडेने बचावपटूला पाठीवर ठेवतो आणि मधल्या अंतरावरून थांबून शॉट घेतो. तोच स्क्रीन चौदा सेकंद उरलेले असताना लागला की समोर पाचही जण जागेवर उभे असतात. पहिले दोन महिने संघ मंद दिसेल आणि शेवटच्या पाच सेकंदांत घाईघाईने टाकलेले शॉट वाढतील. यात नेम्हार्डचा आळस शोधू नये.

दुसरी अडचण त्याच्या पायांची आहे. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम गार्डला अडवण्याचं काम आजवर त्याच्याकडे असायचं. प्लेऑफमध्ये न्यूयॉर्कचा ब्रन्सन आणि थंडरचा गिल्जस-अलेक्झांडर यांच्यामागे तोच धावत होता. बत्तीस-चौतीस मिनिटं चेंडू हाताळायचा आणि तेवढीच मिनिटं स्क्रीनमधून वाट काढत त्यांच्यामागे पळायचं, हे ८२ सामने जमत नाही. चौथ्या क्वार्टरला थ्री आखूड पडायला लागले की समजावं, पाय संपले. म्हणून समोरच्या मुख्य गार्डवर या वर्षी नीस्मिथला लावायला हवं आणि काही वेळ बेन शेपर्डला. तीन-चार खेळींत एकदा चेंडू सियाकमने पुढे आणावा. मॅकॉनलची मिनिटं वाढवण्याचा मोह प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी टाळावा. तो तेहतीस वर्षांचा आहे, गेल्या हंगामात सामन्याला अठराच्या आसपास मिनिटं खेळला, आणि पूर्ण कोर्टभर पाठलाग करून इनबाउंड (रेषेबाहेरून आत टाकलेला) पास चोरण्याची त्याची करामत तेवढ्याच मिनिटांवर टिकून आहे. तीस मिनिटं दिली तर ती करामतच संपेल.

टर्नरची जागा भरणं याहून अवघड. मुंबईकरांनी त्याला प्रत्यक्ष पाहिलं आहे. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले, पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. पहिला सामना पेसर्सने ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा जिंकला, दुसरा १३०-१०६. त्या संघातला डोमांटास सबोनिस पुढे फेब्रुवारी २०२२मध्ये त्याच सॅक्रामेंटोला गेला आणि बदल्यात हॅलिबर्टन आला. वरळीतल्या पेसर्सपैकी टर्नर गेल्यावर आता मॅकॉनल तेवढा उरला.

टर्नर थ्री टाकणारा सेंटर होता, गेल्या हंगामात ३९.६ टक्के. स्क्रीन लावून तो बास्केटकडे न धावता बाहेर सरकायचा. त्यामुळे समोरच्या सेंटरला बाहेर यावंच लागायचं आणि सियाकमला आत शिरायला वाट मोकळी मिळायची. शिवाय दुसऱ्या टोकाला सामन्यामागे दोन ब्लॉक. बदली सेंटर आयझेया जॅक्सन हे करू शकत नाही. तो स्क्रीनवरून थेट बास्केटकडे धावतो, उंच फेकलेला चेंडू हवेतच बास्केटमध्ये घालतो, शॉट अडवतो, पण बाहेरून टाकत नाही. त्याचा बचावपटू मग निर्धास्तपणे बास्केटखाली उभा राहतो, आणि सियाकम आत शिरला की समोर दुसरं शरीर असतं. मेम्फिसकडून आणलेला सात फूट एक इंची जे हफ थ्री चांगले टाकतो, पण जडशीळ सेंटरसमोर मागे ढकलला जातो आणि बचावातले रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतरचे चेंडू) हातचे जातात. मला विचाराल तर पहिल्या पाचांत हफ हवा, कारण सियाकमला मोकळी वाट मिळणं सगळ्यात महत्त्वाचं. जॅक्सन उतरेल तेव्हा उरलेले चौघेही बाहेरून टाकणारे हवेत. आणि रोज सहा-आठ मिनिटं सियाकमलाच सेंटर करून फॉरवर्ड टॉपिनसोबत कमी उंचीचा संघ खेळवावा. धोका आहे, पण जुना वेग परत येईल तो याच मिनिटांत.

वाइझमन आणि जॅक्सन यांच्याबद्दल एक गोष्ट विसरू नये. दोघांचीही अकिलीस गेल्या हंगामाच्या सुरुवातीलाच तुटली होती, वाइझमनची तर पहिल्याच सामन्यात. गेल्या हंगामात लीगमध्ये असे सात जण होते: वाइझमन, जॅक्सन, मायामीचा ड्रू स्मिथ, डिजॉन्टे मरे, लिलार्ड, टेटम आणि हॅलिबर्टन. सातांतले तीन या हंगामाच्या सुरुवातीला एकट्या इंडियानात आहेत. लागोपाठच्या दोन रात्री सामने असतील तेव्हा जॅक्सन किंवा वाइझमनला दोन्ही दिवस खेळवू नये.

हॅलिबर्टनची दुखापत अचानक आली असं म्हणता येत नाही. पाचव्या सामन्यात त्याच उजव्या पायाची पोटरी ताणली गेली होती. सहाव्यात तो २३ मिनिटं खेळला, १४ गुण केले, पेसर्स १०८-९१ने जिंकला. पोटरीचे दोन मुख्य स्नायू खाली एकत्र येऊन अकिलीस बनते. स्नायू दुखावलेला असला की तो झटका कमी शोषतो आणि कंडरेवर जास्त ताण येऊ शकतो. कंडरा तुटते ती बहुतेकदा एकाच हालचालीत: पाय शरीराच्या मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला लागलेली, आणि त्याच पायावर जोर देऊन पुढे झेपावणं. हॅलिबर्टनची हालचाल अशीच होती. २०१९च्या अंतिम मालिकेत पोटरीच्या दुखापतीतून परतलेल्या ड्युरँटचीही अशीच तुटली. अंतिम फेरीचा सातवा सामना खेळायचा की नाही हा निर्णय खेळाडूचा होता, तो त्याने घेतला, आणि त्याबद्दल त्याचा मान राखायला हवा. पण अशी पोटरी घेऊन खेळण्याला शौर्य म्हणून टाळ्या वाजवण्याची आपली सवय बदलली पाहिजे, आणि हा निर्णय संघाशी बांधील नसलेल्या डॉक्टरच्या संमतीशिवाय होऊ नये असा नियम लीगने करायला हवा.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे पाय बुटात असतो, टाचेखाली उंची देऊन. ती उंची हळूहळू कमी करतात, कारण घाई केली तर जुळणारी कंडरा ताणून लांबते, आणि लांबलेल्या कंडरेने पूर्वीची उडी मिळत नाही. खरी कसोटी पुढे: एका पायावर उभं राहून टाच वर उचलणं, दुसऱ्या पायाइतकी उंच आणि तितक्याच वेळा. ते जमेपर्यंत धावण्याला, कोर्टवर शॉट टाकताना दिसण्याला फारसा अर्थ नसतो. साधारण नऊ ते बारा महिने लागतात. कोबी ब्रायंट २०१३मध्ये आठ महिन्यांच्या आत परतला, सहा सामने खेळला आणि गुडघ्याचं हाड मोडून पुन्हा बाहेर गेला. ड्युरँटने अख्खा हंगाम सोडला आणि परतल्यावर सामन्याला २६.९ गुण केले. हॅलिबर्टन २५ वर्षांचा आहे. मार्चमध्ये त्याच्या सरावाच्या चित्रफिती येतील आणि ‘आता उतरवा’ असा गलका होईल. क्लबने तेव्हा जुलैतल्या शब्दावर ठाम राहावं. त्याला बसवून ठेवणं यात मुद्दाम हरण्यासारखं काही नाही, ते उपचार आहेत.

मग विजयांखेरीज पाहायचं काय? भारतातून पाहणाऱ्यांसाठी इंडियानापोलिसचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला, आणि तिकडची घड्याळं मागे गेली की साडेपाचला असतो. एवढ्या पहाटे उठून फक्त निकाल पाहू नये. मी सगळ्यात जास्त लक्ष ठेवेन ते बेनेडिक्ट मॅथुरिनवर. तो पहिल्या कराराच्या शेवटच्या वर्षात आहे. सातव्या सामन्यात त्याने बेंचवरून २४ गुण केले, तिसऱ्यात २७. अंगावर घेऊन आत घुसणं आणि फाउल मिळवणं त्याला जमतंच. प्रश्न आहे तो चेंडू हातात आल्यावर थांबण्याच्या सवयीचा. पास घेतला की अर्ध्या सेकंदात टाकायचं, शिरायचं की पुढे द्यायचं हे ठरलं पाहिजे. हॅलिबर्टन परतल्यावर मॅथुरिनचं खेळणं त्याच्याशी जुळतं का, हे गुणांवरून नाही, असिस्टवरून कळेल. जेरेस वॉकरचंही तसंच. २०२३चा आठवा, पण आजवर सियाकम आणि टॉपिनच्या मागे अडकलेला, आणि घोट्याच्या दुखापतीने अंतिम मालिकाही हुकली. त्याला रोज वीस मिनिटं द्या, चुकला तरी द्या.

रिक कार्लाइल या हंगामात ९९३ विजयांवरून सुरुवात करतायत. हजारावा विजय कधी येतो याला मी फार महत्त्व देत नाही. दहा-अकरा जणांना रोज खेळवायचं, पूर्ण कोर्टभर प्रेस करायचं, ही त्यांची पद्धत हरतानाही टिकते का, ते पाहायचं. माझा अंदाज सांगतो: निम्म्याहून कमी विजय, आणि दुखापती वाढल्या तर त्याहून बरेच कमी.

खरी परीक्षा ५ फेब्रुवारी २०२६ला, ट्रेडच्या शेवटच्या दिवशी होईल. पराभव साचले असतील आणि सियाकमसाठी फोन येतील. तो ३१ वर्षांचा आहे, त्याचा मोठा करार २०२८पर्यंत आहे, आणि तो विकला तर तळाची जागा जवळजवळ पक्की होईल. संघबांधणी पाहणारे प्रीचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला हात लावू नये. विकायचंच असेल तर ती परत मिळवलेली निवड योग्य अटी घालून पणाला लावावी आणि तयार सेंटर आणावा, बचाव करणारा, पुढची तीन-चार वर्षं टिकणारा. २००५-०६नंतर या क्लबने लक्झरी टॅक्स (खेळाडूंच्या पगारांची ठरलेली मर्यादा ओलांडल्यावर बसणारा कर) भरलेला नाही. २०२५-२६ची मर्यादा १८ कोटी ७९ लाख डॉलर आहे, आणि चांगल्या सेंटरसाठी पुढच्या हंगामात ती ओलांडावी लागली तर मालक हर्ब सायमन यांनी ओलांडावी. ऑक्टोबर २०२६मध्ये हॅलिबर्टन कोर्टवर उतरेल तेव्हा त्याच्यासाठी स्क्रीन लावणारा माणूस आधीपासून संघात मुरलेला हवा.